थांबली का?

मी एक जुनी तिवई आहे, मित्रांनो. कॅमेरा ठेवायची तिवई. दुकानदार मला ट्रायपॉड म्हणतात, पण आमच्या घरात ते नाव कधी रुळलं नाही. माझे तीन पाय सागवानी आहेत आणि डोकं पितळेचं. डोक्यात काचेची एक छोटी डबी बसवलेली आहे. डबीत हिरवट द्रव आहे आणि त्या द्रवात एक बुडबुडा. मी सरळ उभी असले की बुडबुडा मधल्या काळ्या वर्तुळात येऊन राहतो. मी जरा कलले की तो काठाकडे पळतो. माझं सगळं शहाणपण त्या बुडबुड्यात आहे.

माझ्या भाऊबंदांच्या डोक्यावरून घेतलेली चित्रं तुम्ही रोज पाहता, पण आम्हाला कधीच पाहत नाही. आमचं काम नीट झालं की आम्ही तिथे नव्हतोच असं वाटतं. याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच सांगणार आहे.

माझा जन्म भोपाळच्या गोविंदपुऱ्यात झाला, एका लहानशा वर्कशॉपमध्ये. मला घडवून घेणाऱ्याचं नाव नीळकंठ देशकर. ते नागपूरहून नोकरीसाठी इथे आले आणि बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहू लागले. मोठ्या सरकारी कारखान्यात त्यांचं काम होतं यंत्रांचं हलणं मोजण्याचं. प्रचंड चाकं गरगर फिरायची, जमीन गुणगुणायची, आणि नीळकंठ कान देऊन उभे राहायचे. ठरल्यापेक्षा जास्त कंप आला की यंत्र बंद, शोध सुरू. या कंपांचं चित्रीकरण करायला त्यांना असं काही हवं होतं जे स्वतः कापणार नाही. लोखंडी स्टँड जमिनीबरोबर गुणगुणू लागत. लाकूड मात्र कंप पोटात घेतं. म्हणून एका मोडक्या पलंगाचं सागवान त्यांनी आणलं, स्वतः आराखडा काढला आणि मला करवून घेतलं.

माझा डावा पाय पहिल्यापासून जरा हट्टी आहे. त्याला थाप मारल्याशिवाय तो जागेवर बसत नाही.

कारखान्यात माझं कौतुक होतं, पण माझे खरे सुखाचे दिवस घरातले. रविवारी नीळकंठ मला अंगणात मांडत. त्यांची मुलगी मंजूषा तेव्हा माझ्या गुडघ्याएवढी होती. जास्वंदीचं फूल उमलताना, मुंग्यांची रांग जाताना, आई कांचन कुरडया घालताना, असलं काहीबाही ते टिपत. कॅमेरा चढवण्याआधी त्यांची एक रीत होती. तिन्ही पेच आवळायचे, माझ्या डोक्यावर तळहात ठेवायचा आणि विचारायचं, "थांबली का?"

मंजू टाचा उंचावून बुडबुडा बघायची. तो वर्तुळात स्थिरावला की ओरडायची, "थांबली!"

त्यानंतरच चित्र सुरू व्हायचं. तिने हो म्हटल्याशिवाय नीळकंठांनी कधी कळ दाबली नाही. मित्रांनो, कुणीतरी आपल्यासाठी असं थांबतं, हे सुख काय असतं ते मला तेव्हा कळलं नाही. सुखाचं नेहमी असंच होतं.

मग मंजू मोठी झाली. कॅमेरे लहान झाले, हातात मावू लागले. नीळकंठ निवृत्त झाले, बरखेड्याचं क्वार्टर सुटलं, आणि आम्ही अवधपुरीतल्या घरात आलो. मला बैठकीच्या कोपऱ्यात जागा मिळाली. कांचनबाईंनी माझ्या डोक्यावर आधी मनीप्लांटची कुंडी ठेवली. नंतर कुंडी गॅलरीत गेली आणि माझ्या पायांवर ओले नॅपकिन वाळू लागले. पेचांवर हिरवा गंज चढला. बुडबुडा मात्र आपलं वर्तुळ शोधत राहिला. त्याला कोण सांगणार, की आता कुणी विचारत नाही?

मंजूषा मालिका दिग्दर्शित करू लागली. हल्लीच तिला तिची पहिली मोठी मालिका मिळाली, विज्ञानकथेची. नर्मदा नावाचं अंतराळयान पृथ्वीपासून फार दूर जाऊन बिघडतं, आणि त्यातली एकटी उरलेली इंजिनिअर बाई ते दुरुस्त करत घरी परत यायला निघते, अशी ती कथा. यान उभारलं होतं गोविंदपुऱ्यातल्याच एका बंद पडलेल्या शेडमध्ये. कॅमेरा चालवत होता कौस्तुभ, शिवाजी नगरचा मुलगा. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला, मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत संपवणारा. मंजूषाही शूटिंगच्या सोयीसाठी शिवाजी नगरात मैत्रिणीबरोबर राहत होती आणि रविवारी घरी यायची.

एका रविवारी ती कौस्तुभला घेऊन आली. त्यांनी बाबांना लॅपटॉपवर थोडं चित्रीकरण दाखवलं. मी कोपऱ्यातून पाहिलं. कौस्तुभ कॅमेरा हातात धरून त्या बाईमागे पळत होता. भिंती हेलकावत होत्या, दिवे उड्या मारत होते.

"काका, हँडहेल्ड आहे सगळं," कौस्तुभ म्हणाला. "देखनेवाले को लगना चाहिए की तो खुद यानात अडकलाय."

नीळकंठ हसले. "मी आयुष्यभर मशीनचं हलणं बंद करत आलो, आणि ही पोरगी मुद्दाम हलवते!"

"बाबा, तिवईवरचं चित्र बघताना माणूस बाहेर बसलेला असतो," मंजूषा म्हणाली. "खुर्चीत, सुरक्षित. मला त्याला आत ओढायचंय."

"ओढ की. पण माझ्या तिवईला नावं ठेवू नकोस."

"नावं कुठे ठेवली? नॅपकिन तर तुम्हीच ठेवलेत."

सगळे हसले. मीही हसले असते. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हलणारं चित्र छाती धडधडवतं, हे मला कोपऱ्यातूनही जाणवलं होतं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तीन बारीक वळणदार नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकं वळलं की द्रव किंचित मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण हललो. म्हणजे ही माझ्या बुडबुड्याच्या नात्यातलीच व्यवस्था. नळ्याही तीन आणि माझे पायही तीन, हा योगायोग मला फार आवडतो. एरवी डोळा आणि कान एकच बातमी देतात. पण पडद्यावर सगळं हेलकावू लागलं की डोळा म्हणतो, आपण हलतोय. कान म्हणतो, छे, आपण तर बसलोय. मेंदू दोघांमध्ये सापडतो. या भांडणाची कुणाला गंमत वाटते, कुणाला मळमळतं.

नीळकंठांच्या कानाला त्याआधीच्या हिवाळ्यात एक आजार होऊन गेला होता. तोल सांभाळणाऱ्या त्या नळ्यांपैकी काही दुबळ्या झाल्या होत्या. अंधारात चालताना ते भिंत धरत. ही गोष्ट त्यांनी मंजूषाला कळू दिली नव्हती.

"तिला सांगितलंस तर माझी शपथ आहे," ते कांचनबाईंना म्हणाले होते. "शूटिंग टाकून येऊन बसेल इथे. पहिलं मोठं काम आहे तिचं."

"अहो, पण लपवून किती दिवस लपणार?"

"काम संपेपर्यंत."

गणपती आले. आमच्या भागातल्या मराठी मंडळाने ठरवलं, की आपल्या मंजूषाच्या मालिकेचा पहिला भाग उत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवायचा. मंडळाच्या चिटणीस प्रतिभाताई घरी आल्या. प्रोजेक्टर होता, पण तो ठेवायला नीट उंचीचं काही नव्हतं.

"आहे ना!" नीळकंठ उठलेच. त्यांनी माझ्यावरचे नॅपकिन काढले, पितळ घासलं, पेचांना तेल दिलं. मित्रांनो, त्या दिवशी मला लग्नघरातल्या करवलीसारखं वाटत होतं.

मंडळाचा हॉल भरला होता. मी मधल्या वाटेत उभी, डोक्यावर प्रोजेक्टर. माझ्या अगदी शेजारी पहिल्या रांगेत नीळकंठ, कारण ज्याच्या मुलीचा सत्कार त्याला मान पुढचा. मंजूषा बाजूच्या दाराशी उभी होती. दिवे गेले. नर्मदा यान पडद्यावर आलं आणि कापू लागलं. मी जागच्या जागी घट्ट होते, आणि माझ्याच डोक्यावरून निघालेलं चित्र पडदाभर नाचत होतं.

पोरं खुश झाली. खुर्च्यांचे हात धरून ती चित्राबरोबर डावी-उजवीकडे झुकत होती. मागून एक जण म्हणाला, "भाई, एकदम असली लग रहा है!" दुसऱ्या रांगेत प्रतिभाताईंनी डोळ्यांवर पदर घेतला. "मला मेलीला बस लागल्यासारखं होतंय," त्या पुटपुटल्या.

मंजूषाने हे चित्र कायम लॅपटॉपवर पाहिलं होतं. लहान पडद्याभोवती टेबल असतं, भिंत असते, खिडकी असते. ते सगळं स्थिर दिसतं आणि डोळ्याला धरायला आधार मिळतो. मोठ्या पडद्यासमोर, पहिल्या रांगेत, अंधारात, डोळ्याला आधार उरत नाही. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं.

यानाला धक्का बसण्याचा प्रसंग आला. कॅमेरा गरकन फिरला. नीळकंठ उठले. त्यांच्या पायाखालची जमीन गेली होती, हे मला त्यांच्या हातावरून कळलं. त्यांनी पडता पडता माझा पाय पकडला. मी कलले. चित्र पडद्यावरून सरकून छतावर गेलं, पंख्याच्या पात्यांवर ते बिचारं यान तुकडे-तुकडे होऊन फिरू लागलं.

"अरे, काकांनीही कॅमेरा हलवून दाखवला!" कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

नीळकंठांनी मला सरळ केलं. एकेक खुर्ची धरत ते दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले. मंजूषा पलीकडे, बाजूच्या दाराशी होती. तिला त्यांचा चेहरा दिसला नाही. तिला एवढंच दिसलं, की बाबांनी तिच्या चित्राला धक्का दिला, लोक हसले, आणि बाबा निघून गेले.

घरी तिने विचारलं, "का उठलात?"

"जरा काम होतं," नीळकंठ म्हणाले.

"आवडलं नाही तर तसं सांगायचं होतं, बाबा. लोकांसमोर थट्टा कशाला?"

नीळकंठ पेचात सापडले. खरं सांगावं तर ती काम सोडून बसेल. न सांगावं तर हे असं. कांचनबाई स्वयंपाकघराच्या दारात ओठ मिटून उभ्या होत्या. मी सगळं जाणत होते, आणि माझ्याजवळ एक शब्द नव्हता. लाकडाचं दुःख हेच असतं.

पुढच्या रविवारी मंजूषा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन यायचा, तो आईला. मालिका दर आठवड्याला टीव्हीवर लागू लागली. फोनवर कांचनबाई विचारायच्या, "बाबांशी बोलतेस?" पलीकडून काय उत्तर यायचं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. एकदा त्या फोन ठेवून म्हणाल्या, "शेवटच्या भागाचं शूटिंग झालं की मुंबईला जाते म्हणते. तिकडे काम मिळालंय. कायमची."

दुसऱ्या दिवसापासून नीळकंठांनी एक उद्योग सुरू केला. त्यांना मुलीची मालिका बघायची होती, पूर्ण, आणि बघता बघता चक्कर येत होती. दुसऱ्या कुणी डोळे मिटले असते. नीळकंठांनी आपल्या जन्माच्या सवयीने यंत्र तपासलं! त्यांना वाटलं, टीव्हीचं कपाटच कापत असेल, आणि त्याने हेलकावे आणखी वाढत असतील. त्यांनी कपाटाच्या पायांखाली जाड रबराच्या पट्ट्या सारल्या. टीव्हीशेजारी पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि मालिका लावली. यान कापत होतं. वाटीतलं पाणी आरशासारखं शांत होतं.

"अहो, ती वाटी कशाला?" कांचनबाईंनी विचारलं.

"मशीन निर्दोष आहे," नीळकंठ हताशपणे म्हणाले. "दोष या कानाचाच."

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी मला कोपऱ्यातून आणलं आणि टीव्हीच्या कडेला, आपल्या हाताशी उभं केलं. डाव्या पायाला थाप मारली. पडद्यावर हेलकावे सुरू झाले की ते माझा पाय धरायचे आणि बुडबुड्याकडे बघायचे. बुडबुडा वर्तुळात शांत असायचा. डोळ्याला तेवढा आधार पुरायचा. जरा सावरलं की पुन्हा पडद्याकडे. पुन्हा भोवळ, पुन्हा मी. असं करत, थांबत, मागे नेत, ते तिचा एकेक भाग बघू लागले. घाम यायचा, पण सोडायचे नाहीत. माझ्या सागवानावर त्यांच्या बोटांची जागा गुळगुळीत झाली.

एका दुपारी दाराची बेल वाजली. कांचनबाईंनी दार उघडलं. मंजूषा होती. मुंबईला जायची तारीख सांगायला आणि आपले उरलेले कपडे न्यायला आली होती.

"बाबा आहेत?"

"आहेत. मी काही बोलणार नाही, मला शपथ घातलीय," कांचनबाई म्हणाल्या. "पण तुला देवाने डोळे दिलेत. चपला काढ आणि ये."

ती बैठकीच्या दाराशी आली. नीळकंठांची पाठ होती तिच्याकडे. टीव्हीवर तिचीच मालिका. यानातली बाई कसलासा पेच आवळत होती, कॅमेरा तिच्याभोवती घिरट्या घालत होता. नीळकंठांचा एक हात माझ्या पायावर घट्ट. ते पडद्याशी बोलत होते.

"अगं, अर्धाच आवळलास. हात लावून बघ आधी. हां... आता थांब, थांब जरा..." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली, बुडबुड्याकडे बघत दोन-चार मोठे श्वास घेतले, आणि चित्र थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं.

मंजूषाची नजर पडद्यावरून शेजारच्या वाटीवर गेली.

"बाबा," ती म्हणाली, "ही पाण्याची वाटी कशाला?"

नीळकंठ दचकले. "टीव्ही हलतोय का बघत होतो."

"टीव्ही?"

"खाली पॅकिंगही दिलं. पाणी काही हललं नाही."

तिने वाकून रबराच्या पट्ट्या पाहिल्या. मग माझ्या पायावरचा त्यांचा हात पाहिला. तो अजून सुटला नव्हता, बोटांची पेरं पांढरी पडली होती. ती शिकलेली मुलगी होती, तिला फार सांगावं लागलं नाही.

"हॉलमध्ये तुम्ही थट्टा नव्हती केली," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पडत होता."

"आता सांगा तरी," कांचनबाई मागून म्हणाल्या, "नाहीतर मीच शपथ मोडते."

मग सगळं निघालं. आजार, डॉक्टर, भिंत धरून चालणं. मंजूषा खाली फरशीवर बसली. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि भांडली. "मला परकी केलंत. मी काय काय समजून बसले! सगळा शेवटचा भाग बदलते मी आता."

"खबरदार!" नीळकंठ म्हणाले. "कान माझा आहे, चित्र तुझं आहे. माझ्या कानासाठी तुझं चित्र बदलायचं नाही."

"पण प्रतिभाकाकूंनीही डोळे झाकले होते."

"आणि पोरं नाचत होती, ते? अगं, हलणं वाईट नसतं. मशीन हलली की मी आधी विचारायचो, ही का हलते? कधीकधी कारण रास्त असायचं. मग हलू द्यायचं. कारणाशिवाय हलत असेल तर पेच आवळायचा." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "तुझी बाई घाबरते तेव्हा कॅमेरा हलतो, ते मला पटतं. पण ती जेवतानाही हलतो, मंजू. सारखं घाबरलेलं माणूस शेवटी घाबरलंय असं वाटेनासं होतं."

निघताना मंजूषा माझ्यापाशी आली. "नेऊ हिला?"

"ने. डाव्या पायाला थाप मारायला विसरू नकोस."

आणि मी, मित्रांनो, जिथे जन्मले त्या गोविंदपुऱ्यात परत गेले.

शेडमध्ये मला बघून कौस्तुभने हात जोडले. "दीदी, ये तो म्यूझियम पीस है! हिच्यावर कॅमेरा ठेवू? पडला तर?"

"तू पडशील, ती नाही पडणार."

शेवटचा प्रसंग होता. यान अखेर दुरुस्त झालेलं असतं. सगळा खडखडाट संपलेला असतो. ती बाई खिडकीशी बसते. खिडकीत, काळोखाच्या एका कोपऱ्यात, पृथ्वी दिसत असते, लिंबाएवढी. बस, इतकंच.

मंजूषाने तो आधी कौस्तुभच्या पद्धतीने घेतला. कॅमेरा हातात, बाईच्या चेहऱ्याजवळ, तिच्या श्वासाबरोबर हलणारा. सगळ्यांनी छोट्या पडद्यावर पाहिला. छान होता. बाईच्या डोळ्यांतलं पाणी दिसत होतं.

"बस, यही फायनल," कौस्तुभ म्हणाला. "स्टँडवर लावलं तर लोक चॅनल बदलतील, दीदी. कुछ हो ही नहीं रहा."

"एकदाच," मंजूषा म्हणाली.

तिने मला मांडलं, लांब. डाव्या पायाला थाप मारली, तिन्ही पेच आवळले, कॅमेरा बसवण्याआधी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "थांबली का?"

शेडमध्ये कुणालाच काही कळलं नाही. "क्या थांबली, दीदी?" कौस्तुभने विचारलं.

उत्तर देणारी तर मंजूषा स्वतःच होती. तिने वाकून बुडबुडा पाहिला. लहानपणी टाचा उंचावाव्या लागत, आता वाकावं लागत होतं. "थांबली," ती म्हणाली.

कॅमेरा सुरू झाला. मी श्वास धरला, लाकडाला धरता येतो तितका. बाई खिडकीशी बसली. काही हललं नाही. कॅमेरा कुणाला सांगत नव्हता, की इकडे बघ, आता घाबर, आता रड. बघणाऱ्याला मोकळं सोडलं होतं.

नंतर पुन्हा सगळे छोट्या पडद्याभोवती जमले. मग दिवे सांभाळणारा माणूस पुढे वाकला. "अरे," तो म्हणाला, "वो कोने में... वो अपनी जमीन है क्या?"

पृथ्वी आधीच्या चित्रातही होती. तिथेच होती. पण चेहऱ्याबरोबर हलता हलता ती कुणाला दिसलीच नव्हती. आता डोळे आपले आपण हिंडले, आणि काळोखात शोधत शोधत घरापर्यंत गेले. स्वतः शोधलेलं घर वेगळं दिसतं.

कौस्तुभने कॅमेऱ्याची रिकामी पट्टी गळ्यातून काढली. "काकांना सांगा," तो म्हणाला, "मी तिवईला सॉरी म्हटलंय."

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी मी पुन्हा घरी होते, टीव्हीच्या कडेला, माझ्या जागेवर. नीळकंठ खुर्चीत, कांचनबाई पलंगावर, मंजूषा फरशीवर. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. सकाळची गाडी होती.

यान कापत होतं. मंजूषाने हे कापणं ठेवलं होतं, कारण बाई खरोखर मरणाच्या दारात होती. नीळकंठांची बोटं माझ्या पायाभोवती आवळली गेली. ते बुडबुड्याकडे बघायचे, पडद्याकडे बघायचे. मी त्यांना धरून होते. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. मंजूषा पडद्याकडे बघतच नव्हती. ती बाबांकडे बघत होती.

मग सगळं शांत झालं. खिडकी आली. बाई आली. काळोख आला.

नीळकंठांनी वाट पाहिली, पुढच्या हेलकाव्याची. तो आला नाही. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. त्यांची मान किंचित पुढे झुकली, डोळे पडद्यावर फिरू लागले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, निवांत, आणि कोपऱ्यातल्या त्या लिंबाएवढ्या निळ्या ठिपक्यावर येऊन टेकले.

"थांबली," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

आणि त्यांचा हात माझ्या पायावरून सुटला. त्यांना कळलंही नाही. तो मांडीवर जाऊन नुसता पडून राहिला, उघडा, निर्धास्त.

त्यांनी मला सोडलं होतं. कारण पडद्यावर जी त्यांना सावरून धरत होती, तीही मीच होते, फक्त दिसत नव्हते. मित्रांनो, त्या क्षणाएवढा मान मला कधी मिळाला नाही. आणि खरं सांगते, त्या क्षणाएवढं एकटंही मला कधी वाटलं नाही.

मंजूषा आता मुंबईत आहे. मला नेऊ का, असं तिने विचारलं होतं. "बाबांजवळ राहू दे," असं नंतर तिचं तिनेच ठरवलं. माझ्यावर आता नॅपकिन वाळत नाहीत. नीळकंठ पेचांना तेल देतात, सागवानाला जवसाचं तेल पुसतात. मी पुन्हा कधी कॅमेरा धरेन की नाही, मला ठाऊक नाही. गोविंदपुऱ्याच्या शेडमधला तो काळोख मला फार आठवतो.

तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी कोपऱ्यात उभं असेल. त्याचे पेच गंजू देऊ नका. आणि कुणी तुमच्या कामावरून तोंड फिरवलं, तर रागावण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा. कदाचित तो माणूस पडत असेल, आणि तरीही तुमचंच चित्र बघायची धडपड करत असेल.

रविवारी मुंबईहून फोन येतो. नीळकंठ तो लाऊडस्पीकरवर लावून टीव्हीजवळ ठेवतात. मग उठतात, भिंतीला हात न लावता माझ्यापर्यंत येतात, डाव्या पायाला थाप मारतात आणि माझ्या डोक्यावर तळहात ठेवतात.

"थांबली का?" ते फोनकडे बघून विचारतात.

तिला तिकडून बुडबुडा दिसत नाही. तरी ती क्षणभर थांबते, जणू टाचा उंचावून बघतेच आहे. त्या क्षणासाठी मी आठवडाभर सरळ उभी असते.